काळ्या कातळाची ओळख : शेतकऱ्यानें आपला दगड कसा पारखावा

शेतकऱ्यास मातीची पारख उपजतच असते. मूठभर माती उचलून तळहातावर चोळली कीं ती काळी आहे कीं बरड, चुनखडीची आहे कीं चोपण, हें तो सहज सांगतो. परंतु त्या मातीखालीं जो दगड आहे, ज्यापासून ती माती झाली आणि ज्याच्या पोटांतून विहिरीचें पाणी यावयाचें, त्याविषयीं विचारलें तर "काळा दगड आहे" यापलीकडे बहुधा उत्तर मिळत नाहीं. वास्तविक पाहतां विहिरीचा मोठा खर्च या दगडांतच पडतो. पन्नास फूट विहीर खणावयाची तर त्यांतील दहा-पंधरा फूट माती व मुरूम, आणि बाकी सर्व दगड. जेथें आपला पैसा जातो नेमकें तेथेंच आपलें ज्ञान तोकडें असावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

दगडाची पारख करण्यास प्रयोगशाळाच पाहिजे असें नाहीं. शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शक यंत्रानें जें पाहतात त्यांतील पुष्कळसें शेतकऱ्यास उघड्या डोळ्यांनीं व चार घरगुती साधनांनीं पाहतां येतें. तें कसें, आणि त्याचा विहिरीस व जमिनीस उपयोग काय, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

हा दगड आला कोठून

सुमारें ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वीं आपल्या देशाच्या या भागांत जमिनीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. एखाद्या पर्वताच्या शिखरांतून उसळावा तसा तो बहुतेक ठिकाणीं उसळला नाहीं. दूध उतू जाऊन चुलीवर पसरावें तसा तो सपाट पसरला. एक थर निवाला कीं कांहीं काळानें त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, याप्रमाणें थरांवर थर चढले. आज हा दगड सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे, आणि महाराष्ट्राच्या भूमीचा जवळजवळ चार पंचमांश भाग त्यानें झांकलेला आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर एकावर एक पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या होत. स्वीडिश भाषेंत पायरीस जो शब्द आहे त्यावरून युरोपांतील शास्त्रज्ञांनीं या दगडास ट्रॅप असें नांव दिलें, व तें अद्यापि चालतें. खडकाचें शास्त्रीय नांव मात्र बेसॉल्ट असें आहे.

थरांची एकूण जाडी सर्वत्र सारखी नाहीं. पश्चिमेस ती जास्त असून पूर्वेस कमी होत जाते. कोयना खोऱ्यांत भूकंपाच्या अभ्यासासाठीं जीं खोल छिद्रें घेण्यांत आलीं त्यांपैकीं रासाटी येथील छिद्रांत सुमारें ९३० मीटर खोलीपर्यंत बेसॉल्टच लागला. १९९३ सालच्या भूकंपानंतर किल्लारी येथें घेतलेल्या छिद्रांत तो सुमारें ३३८ मीटरांवर संपला. दोन्ही ठिकाणीं अखेर ग्रॅनाइटाच्या जातीचा अतिप्राचीन खडक लागला. नागपूरच्या आसपास तर हा काळा दगड संपतो व जुना खडक उघडा पडतो. यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. "हा काळा दगड एकदां आरपार फोडला कीं खालीं पाणीच पाणी," ही समजूत आपल्या बहुतेक भागांत व्यर्थ आहे. पाणी शोधावयाचें तें दगडाच्या थराथरांतच.

शिलारस निवून जे खडक होतात त्यांस अग्निजन्य खडक म्हणतात. साखरेचा पाक सावकाश निवूं दिला तर खडीसाखरेचे मोठे खडे बनतात, आणि घाईनें निवविला तर बारीक रवा पडतो. खडकाचेंही तसेंच आहे. जो शिलारस भूपृष्ठाखालीं खोलवर लक्षावधि वर्षें निवत राहिला त्याचे कण मोठे झाले. ग्रॅनाइट हा त्यांपैकीं होय. जो उघड्यावर येऊन लवकर निवाला त्याचे कण इतके बारीक राहिले कीं ते डोळ्यांस वेगळे दिसत नाहींत. आपला बेसॉल्ट या दुसऱ्या वर्गांतला आहे. कणांचा आकार ही पारखीची पहिली खूण समजावी.

पारखीचीं साधनें

एक लहान हातोडी, एक पोलादी चाकू, काचेचा जाड तुकडा, लोहचुंबक, साधें भिंग आणि एक लिंबू एवढें साहित्य पुरे. सर्वांत महत्त्वाचा नियम असा कीं दगड नेहमीं ताजा फोडून पाहावा. उन्हापावसांत पडलेल्या दगडाचें तोंड तांबूस किंवा मळकट झालेलें असतें व तें फसवितें. आंतील रंग, कण व चकाकी हीच खरी.

खनिज किती कठिण आहे हें ओरखड्यावरून ठरवितात. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यांनीं १८१२ सालीं याकरितां एक ते दहा अशी मोजणी घालून दिली. तींत आपल्या नखाचा कठिणपणा सुमारें अडीच, चाकूच्या पात्याचा व काचेचा सुमारें साडेपांच, आणि गारेचा सात येतो. अर्थात् नखानें ओरखडा उठला तर खनिज फार मऊ, चाकूनें उठला तर मध्यम, आणि खनिजानेंच काचेवर ओरखडा काढला तर तें कठिण, एवढें कळलें म्हणजे आपलें काम भागतें. ओरखडा उठला कीं नुसती भुकटी लागली हें बोट ओलें करून पुसून पाहावें. नाहींतर चाकूचेंच लोखंड दगडावर घासलेलें असावयाचें व आपण दगडच मऊ समजावयाचे.

काळा दगड कशाचा बनला आहे

काळा कातळ एकजिनसी दिसतो, परंतु तो तसा नाहीं. ताज्या तुकड्यावर तिरपें ऊन पडूं देऊन भिंगांतून पाहिलें तर बारीक, लांबट, चकाकणाऱ्या काड्या दिसतात. त्या फेल्स्पार नांवाच्या खनिजाच्या होत. दगडाचा जवळजवळ निम्मा भाग याच खनिजाचा असतो, व त्यांत चुना, सोडा, ॲल्युमिनियम व सिलिका हीं द्रव्यें असतात. एरव्हीं या काड्या फार सूक्ष्म असतात. परंतु कळसूबाईच्या परिसरांतील कांहीं थरांत त्या बोटाच्या पेराएवढ्या किंवा त्याहूनही लांब आढळतात, आणि काळ्या दगडांत पांढरट पट्ट्या विखुरल्यासारख्या शोभतात. असा थर एके ठिकाणीं पाहून ठेवला कीं कित्येक मैलांवरही तोच थर म्हणून ओळखतां येतो. म्हणून भूशास्त्रज्ञ त्याचा खुणेच्या दगडासारखा उपयोग करतात.

दुसरें मुख्य खनिज ऑजाइट. हें काळें किंवा गर्द तपकिरी असून यांत लोह, मॅग्नेशियम व चुना असतो. दगडाचा काळेपणा व जडपणा मुख्यतः याच्यामुळें व तिसऱ्या खनिजामुळें येतो. तें तिसरें खनिज म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचें चुंबकी खनिज. यांत थोडें टायटॅनियमही असतें. दगड कुटून त्याची भुकटी कागदावर पसरावी आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवावा. भुकटींतील कांहीं कण चुंबकामागें धांवूं लागतात. ओढ्याच्या कांठीं पावसाळ्यानंतर चकाकणाऱ्या काळ्या वाळूच्या रेघा बसलेल्या दिसतात, त्या याच खनिजाच्या कणांच्या. मुलांना ही गोष्ट करून दाखविली तर तीं ती विसरत नाहींत.

कांहीं थरांत ऑलिव्हीन नांवाचें चौथें खनिज असतें. ताजें असतां तें हिरव्या बाटलीच्या काचेसारखें दिसतें; पण तें फार लवकर सडतें व त्याच्या जागीं तांबूस तपकिरी ठिपके राहतात. दगडाच्या ताज्या फोडीवर असे तांबूस ठिपके दिसले तर पूर्वीं तेथें ऑलिव्हीन होतें असा संशय घेण्यास हरकत नाहीं.

या सर्व खनिजांमुळें बेसॉल्ट पाण्याच्या सुमारें २.८ ते ३ पट जड भरतो, ग्रॅनाइट २.६ ते २.७ पट. बेसॉल्टांत सिलिका शेंकडा ५० च्या आसपास, ग्रॅनाइटांत शेंकडा ७० च्या आसपास असते. काळ्या दगडाच्या मूळ घडणींत गारेचे कण जवळजवळ नसतातच, व याचा परिणाम मातीवर कसा होतो हें पुढें दिसेल.

एका थराचे चार भाग

विहीर खणणाऱ्यानें विशेष लक्ष द्यावयाचें तें थराच्या रचनेकडे. शिलारसाच्या पोटांत वायू असतात. रस निवतांना ते वर चढतात व बुडबुड्यांच्या रूपानें अडकून राहतात. म्हणून प्रत्येक थराचा वरचा भाग छिद्रांनीं भरलेला असतो, मधला भाग घट्ट असतो, आणि तळाशीं पुन्हा थोडीशीं छिद्रें असतात. तळाचीं हीं छिद्रें पुष्कळदां नळीसारखीं उभीं व लांबट असतात. सुरुंगाच्या दगडांत अशा उभ्या नळ्या दिसूं लागल्या तर त्या थराचा तळ हातभर अंतरावर आला असें समजावें. इतकी उपयुक्त खूण असूनही ती फार थोड्या लोकांस माहीत आहे.

वरच्या सच्छिद्र भागांतील पोकळ्या पुढें पाण्यांतून आलेल्या पांढऱ्या खनिजांनीं भरून जातात व दगड ठिपकेदार दिसतो. विहिरी खणणारे पुष्कळ भागांत यास मांजऱ्या म्हणतात. हा दगड घट्ट कातळापेक्षां लवकर कुजतो, पापुद्र्यांनीं सुटतो आणि आपल्या अंगीं पाणी धरतो. मधला घट्ट भाग हातोडी मारली असतां धातूसारखा खणखणतो. त्यांत उभ्या भेगा असतात. कोठें कोठें या भेगा इतक्या नियमित असतात कीं दगडाचे पांच-सहा बाजूंचे खांब बनतात. मुंबईस अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडी व पन्हाळा तालुक्यांतील बांदिवडे येथील खांब हीं त्याचीं उदाहरणें होत. या भागांत पाणी मिळालें तर तें भेगांतूनच. भेगा नसतील तर एक थेंबही नाहीं.

दोन थरांच्या मध्यें कित्येकदां तांबड्या, मऊ मातीचा पट्टा असतो. खालचा थर निवून त्यावर दुसरा थर येईपर्यंत जो काळ गेला त्यांत वरचा दगड व राख कुजून ही माती झाली आणि नंतरच्या तप्त रसानें ती भाजून निघाली. ती चिकण असल्यामुळें पाणी सहसा आपल्यांतून खालीं जाऊं देत नाहीं. वरून झिरपत आलेलें पाणी तिच्या माथ्यावर अडून आडवें वाहूं लागतें. डोंगराच्या उतारावर एकाच पातळींत झरे, ओलावा व उन्हाळ्यांतही हिरवें राहणारें गवत दिसतें त्याचें कारण पुष्कळदां हाच पट्टा असतो. मात्र विहिरींत तो उघडा पडला कीं ओला होऊन फुगतो व ढासळतो, आणि वरचा चांगला कातळही आधार सुटल्यामुळें खालीं येतो. म्हणून तेवढ्या जागीं बांधकाम अवश्य करावें, व विंधनविहिरींत नळी घालावी.

पोकळींतील पांढरीं खनिजें

विहिरीच्या मलब्यांत पांढरे, चकाकणारे खडे सांपडतात. सर्वांस सरसकट गारगोटी म्हणण्याची रीत आहे, परंतु त्यांत निदान तीन निरनिराळ्या जाती असतात.

पहिली खरी गार. ती काचेवर ओरखडा काढते, चाकूस दाद देत नाहीं, व फुटली असतां काचेप्रमाणें वांकड्या तोंडाची फुटते. अकीक, दुधी गार व जांभळा स्फटिक हे तिचेच भाऊबंद होत. दुसरें कॅल्साइट, म्हणजे चुन्याचें खनिज. तें चाकूनें सहज खरवडतें, फुटतांना त्याचे तिरप्या बाजूंचे तुकडे पडतात, आणि खरवडलेल्या भुकटीवर लिंबाचा रस पिळला तर बारीक फेंस येतो. तिसरी जात झिओलाइटांची. हीं खनिजें चाकूनें ओरखडतात, पण लिंबाच्या रसानें त्यांस फेंस येत नाहीं. त्यांपैकीं स्टिल्बाइट मोत्यासारख्या चकाकीचें असून त्याच्या पात्या एकत्र बांधलेल्या पेंढीसारख्या दिसतात. स्कोलेसाइट सुयांच्या जुडग्यासारखें असतें. १७५६ सालीं क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञानें असें खनिज तापविलें तेव्हां त्यांतील पाणी निघून तें फसफसून फुगलें. त्यावरून उकळणारा दगड या अर्थाचें हें नांव पडलें. याच पोकळ्यांत मिळणारें ॲपोफिलाइट हें चौकोनी, काचेसारखें खनिज रूपानें झिओलाइटांच्या शेजारीं बसतें, पण शास्त्रज्ञ त्यास वेगळें गणतात.

पोकळीच्या कडेस कित्येकदां गर्द हिरव्या मातीचा लेप असतो. तो पाहून दगडांत तांबें आहे अशी आशा धरणारे पुष्कळ भेटतात. तें तांबें नव्हे. लोह व मॅग्नेशियम यांचें तें मातीसारखें खनिज आहे. तसेंच काळ्या दगडांत चकाकी दिसली म्हणजे तेथें सोनें असेल हा भ्रमही सोडावा. उलट, पुणें, नाशिक व जळगांव या जिल्ह्यांतील खाणींत व विहिरींत सांपडलेले झिओलाइटांचे घोस जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांत मानानें ठेवलेले आहेत, आणि पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतील कॅव्हनसाइट हें निळेंभोर खनिज तर जगभर नांवाजलें आहे. सिन्नर येथें गारगोटी याच नांवाचें संग्रहालय आहे; तें शेतकऱ्यानें एकदां मुलांबाळांसह पाहावें. आपण ज्यास मलबा म्हणून बांधावर टाकतों तें काय आहे हें तेथें कळतें.

शेतांतून जाणारी दगडी भिंत

ज्या भेगांतून शिलारस वर आला त्यांतील कांहीं रस भेगेंतच गोठून राहिला. त्याची जमिनींत उभी भिंत बनली. शास्त्रांत तिला भित्ति म्हणतात. धुळें व नंदुरबार या जिल्ह्यांत अशा भिंती मैलोगणती सरळ रेषेंत गेलेल्या असून कित्येक ठिकाणीं त्या लांबट टेकड्यांच्या रूपानें उभ्या आहेत. शेतांत मात्र पुष्कळदां गोल काळ्या धोंड्यांची एक सरळ ओळ तेवढी दिसते. हे धोंडे कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें सुटतात. दगड फोडला तर भिंतीच्या मध्यभागीं कण किंचित् मोठे व कडेस अतिशय बारीक आढळतात, कारण कडेचा रस थंड खडकास टेकून लवकर निवाला. थरांतील खांब उभे असतात तर भिंतींतील खांब आडवे असतात, हीही खूण पाहावी.

ही भिंत अभंग असेल तर जमिनींतील वाहतें पाणी अडविते. जणूं पाताळांतला बंधाराच. अशा वेळीं तिच्या चढाच्या बाजूस विहिरीस पाणी टिकतें व उताराच्या बाजूस विहीर लवकर आटते. उलट भिंत भेगाळलेली असेल तर तिच्या अंगालाच चांगलें पाणी लागतें. म्हणून शेतांतून धोंड्यांची सरळ ओळ जात असेल तर विहिरीची जागा ठरविण्यापूर्वीं तिच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या विहिरी चैत्र-वैशाखांत पाहून याव्या.

एका विहिरीची गोष्ट

आमच्या स्वतःच्या शेतांतील एक गोष्ट येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. आमच्या वडिलांनीं कर्ज काढून विहीर खणावयास घेतली. बारा फुटांवर मुरूम संपला व कातळ लागला. पुढें तीस फूट एकच एक खणखणीत काळा दगड. भेग नाहीं, ओल नाहीं. दोन उन्हाळे यारी चालली. बेचाळीस फुटांवर पैसा संपला आणि विहीर कोरडीच सोडून द्यावी लागली. कर्ज फेडण्यासाठीं ओढ्याकडचा एक तुकडा विकला गेला.

पुढें कित्येक वर्षांनीं, दगडांविषयीं चार गोष्टी कळल्यावर, मी त्या ओढ्यांत उतरून पाहिलें. विहिरीपासून चारशें पावलांवर ओढ्यानें कांठ खोल कापला होता. वर तोच खणखणीत काळा दगड, त्याच्या बुडाशीं त्या उभ्या नळ्या, आणि खालीं हातभर तांबडा पट्टा. पट्ट्याच्या माथ्यावरून माघ महिन्यांतही पाणी पाझरत होतें व तेथें शेवाळ धरलें होतें. पारदर्शक नळींत पाणी भरून पातळी धरीत धरीत विहिरीपर्यंत मोजीत आलों, तों तो पट्टा विहिरीच्या तोंडापासून सुमारें पन्नास फूट खालीं भरला. वडील आठ फूट अलीकडे थांबले होते. चुलतभावानें नंतर विहीर खोल केली तेव्हां एकावन्नाव्या फुटास तांबडी माती लागली व तिच्या माथ्यावरून झरा सुरू झाला. तो झरा फार मोठा नाहीं. रब्बीच्या दोन एकरांस पुरतो. परंतु जो तुकडा विकला गेला तो कांहीं परत आला नाहीं. तो ओढा आमच्याच बांधावरून वाहत होता आणि त्या कांठावर आम्ही गुरें पाण्यास नेत होतों.

यांतून जो धडा घेतला तो पुढीलप्रमाणें. पहिली गोष्ट, विहिरीस पैसा घालण्यापूर्वीं शिवारांतील ओढ्याचे कांठ, रस्त्याचे कापलेले भाग, दगडाच्या खाणी व शेजारच्या विहिरी पाहून कोणता थर किती खोलीवर आहे याची टीप करावी. आपल्याकडील थर जवळजवळ आडवे आहेत, त्यामुळें पातळी धरून अंदाज बांधतां येतो. दुसरी गोष्ट, हा अंदाज फार दूरवर ताणूं नये. पुणें-नाशिकाकडील कित्येक थर लहान लहान जिभांसारखे पसरलेले असून थोड्या अंतरावर निमुळते होऊन संपतात. तेथें चारशें पावलांवरची खूण उपयोगी पडेल, दोन मैलांवरची पडेलच असें नाहीं. तिसरी गोष्ट, खोदाईची एक वही ठेवावी व दर पांच फुटांस लागलेल्या दगडाचा एक तुकडा खोली लिहून जपून ठेवावा. विंधनविहीर घेतांना तर हें अधिकच अगत्याचें आहे. दर दहा फुटांचा चुरा धुऊन क्रमानें मांडून ठेवावा. काळा, ठिपकेदार, तांबडा असा त्याचा क्रम म्हणजे आपल्या जमिनीची कुंडलीच होय. यंत्रवाला चुरा तेथेंच टाकून निघून जातो आणि पुढच्या वेळीं आपण पुन्हा अंधारांत चांचपडतों. चौथी गोष्ट, जिल्ह्याच्या ठिकाणीं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचें कार्यालय असतें. तेथील भूवैज्ञानिकांस ही वही दाखवून सल्ला घ्यावा. हातांत वही असली म्हणजे त्यांसही नेमकें सांगतां येतें.

विहिरीच्या बांधणीस दगड निवडतांनाही पारख लागते. ठिपकेदार मांजऱ्या वापरूं नये. घट्ट काळ्या दगडांतही कांहीं जाती अशा असतात कीं त्यांतील फुगणाऱ्या मातीसारख्या खनिजांमुळें त्या एकदोन पावसाळ्यांत तडकून भुगा होतात. म्हणून नव्या खाणीच्या दगडाचे दहा-वीस तुकडे एक वर्ष उन्हापावसांत टाकून पाहावे, आणि मगच बांधणीस घ्यावे.

दगड आणि आपली काळी जमीन

फेल्स्पार व ऑजाइट कुजून त्यांची चिकण माती होते. ही माती ओली झाली कीं फुगते व वाळली कीं आकसते. उन्हाळ्यांत आपल्या जमिनीस हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेंच. मूळ दगडांत गार नसल्यामुळें त्यापासून वाळू फारशी उरत नाहीं, आणि म्हणून काळी जमीन भारी असते. दगडांतील चुना मोकळा होऊन खालच्या थरांत खड्यांच्या रूपानें सांठतो. लिंबाच्या रसानें त्यासही फेंस येतो. जमिनीचा काळा रंग मॅग्नेटाइटामुळें येतो असें पूर्वीं मानीत. चिकण मातीशीं घट्ट बांधल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्यामुळें तो येतो असें आतां मानतात.

येथें एक विसंगति शेतकऱ्याच्या नित्य अनुभवांत येते. आपला दगड लोहानें भरलेला आहे, तरी चुनखडीच्या जमिनींत ऊंस, भुईमूग व संत्रा यांचीं कोवळीं पानें शिरा हिरव्या ठेवून पिवळीं पडतात, व तज्ज्ञ सांगतात कीं लोह कमी पडलें. कारण असें कीं चुन्याच्या सान्निध्यांत लोह विरघळत नाहीं व मुळांस मिळत नाहीं. स्फुरदाचेंही तेंच, दिलेल्या खताचा पुष्कळ भाग चुना बांधून ठेवतो. कोठारांत धान्य असून कुलपाची किल्ली नसावी तशी ही स्थिति आहे. ती किल्ली म्हणजे शेणखत, हिरवळीचें खत आणि माती तपासून दिलेली योग्य मात्रा. हल्लीं बेसॉल्टाची भुकटी खत म्हणून विकण्याचे प्रयत्न होतात. ज्याची जमीन मुळांतच याच दगडाची झाली आहे त्यानें तोच दगड पुन्हा विकत घेण्यापूर्वीं पूर्ण विचार करावा.

सर्वांचा दगड काळाच असतो असें नाहीं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत, नांदेड जिल्ह्याच्या देगलूर-बिलोली भागांत आणि सिंधुदुर्गांत ग्रॅनाइटाच्या जातीचे खडक आहेत. त्यांचे कण डोळ्यांनीं वेगळे दिसतात : गुलाबी किंवा पांढरा फेल्स्पार, काचेसारखी करडी गार आणि अभ्रकाचे काळे चकचकीत पापुद्रे. अभ्रक चाकूच्या टोकानें पापुद्र्यांनीं सुटतें हें पाहावें. या दगडाची माती तांबूस व वाळूमिश्रित होते, कारण गार कुजत नाहीं, तशीच राहते. तेथें पाणी वरच्या कुजलेल्या भागांत व भेगांत मिळतें. काळ्या कातळांतील थराथरांचा नियम तेथें लावूं नये. कोंकणांतील जांभा हा अग्निजन्य खडक नव्हे. तो मूळ दगड पावसानें धुऊन धुऊन मागें उरलेला लोहाचा व ॲल्युमिनियमचा गाळसाळ आहे. पावसाचें पाणी तो स्पंजाप्रमाणें घेतो व लवकरच सोडूनही देतो.

हें सर्व एका दिवसांत येण्यासारखें नाहीं, परंतु कठिणही नाहीं. येत्या उन्हाळ्यांत कामाची सवड होईल तेव्हां प्रत्येकानें हातोडी घेऊन आपल्या शिवारांतील ओढा एकदां उगमापासून शेवटपर्यंत चालून यावा, कोठें खणखणीत कातळ आहे, कोठें ठिपकेदार, कोठें तांबडा पट्टा व कोठें पाझर, हें वहींत लिहून ठेवावें, आणि ती वही सात-बाराच्या उताऱ्याशेजारीं जपावी. वरच्या जमिनीचा हिशेब आपण पिढ्यान् पिढ्या ठेवीत आलों आहों. खालच्या जमिनीचाही तसाच ठेवला तर आपल्या मुलांस कोरड्या विहिरीपायीं ओढ्याकडचा तुकडा विकण्याचा प्रसंग येणार नाहीं.